अर्ध्या सीटचा ड्रायव्हर

‘सरका जरा, अजून एक मावतं,’ असं म्हणून आमच्या जीपचे ड्रायव्हर भाऊ स्वतःच सरकत. त्यांच्या उजवीकडे सरकायला फक्त रस्ता होता. जीपचं दार काढून ठेवलेलं, अर्धं बूड सीटवर, अर्धं बाहेर, आणि काचेतून समोरचं दिसावं म्हणून मान डावीकडे वाकडी. नव्वदच्या दशकात हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावहून सेनगावला आम्ही रोज याच मानेच्या भरवशावर जायचो. पुढं चौघं कोंबल्याशिवाय गाडी हलत नसे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मग मान दुखायला लागली ती थांबेचना. तुम्हाला माहीतच आहे, दुखणं एकाचं असलं की औषधं अख्ख्या जीपला सुचतात. मी शाळामास्तर, त्यामुळे ताठ बसण्यावर माझं व्याख्यान ठरलेलं. ते मी त्यांच्या सीटवर ऐसपैस बसून द्यायचो.

पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाची लाथ लागली की धरलेली मान सुटते, असं आमच्याकडे मानतात. पुसेगावच्या एका पायाळू बाईनं बाजाराच्या दिवशी सगळ्यांदेखत त्यांच्या मानेला टाच लावली.

‘सुटली का, भाऊ?’

‘सुटल्यावानी वाटून राहिलं.’

मग बाई पुढच्याच सीटवर चढल्या आणि भाऊ बाहेर सरकले.

शेवटी मी त्यांना हिंगोलीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मान चाचपत म्हणाले, ‘या बाजूचा स्नायू सारखा राबतोय आणि त्या बाजूचा नुसता बसून आहे.’

‘म्हंजे आमच्या घरासारखंच.’

डॉक्टर हसले, पण बजावलंच, ‘मधोमध, सरळ बसा. नाहीतर मान कायमची अशी राहील.’

ते घाबरले. दुसऱ्या दिवसापासून सरळ बसायला लागले. पुढं एक माणूस कमी झाला आणि आमच्या मंडळींना ते सहन झालं नाही. ‘काहून साहेबावानी बसून राहिला बे हा?’ म्हणत निम्मे जण दुसऱ्या जीपमध्ये गेले. तिचा ड्रायव्हर जवळजवळ पूर्ण बाहेरच असायचा.

‘सर, मान सरळ केली तं गाडी रिकामी पळते,’ भाऊ म्हणाले. आठवडाभरात ते पुन्हा वाकडे झाले आणि पब्लिक परत आलं.

पुढं मान वळेनाशी झाली, जीप विकावी लागली. बऱ्याच वर्षांनी एसटीत दिसले. गाडी रिकामी, दोघांच्या बाकावर ते एकटेच. तरी एक पाय वाटेत, अर्धं अंग बाकाबाहेर, मान डावीकडे. मी जवळ गेलो.

‘भाऊ, नीट बसा की. अख्खी सीट तुमचीच आहे.’

‘नीटच तं बसलो, सर,’ ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.