छप्पर ठोकून पाहणारे आबा

आमचे आबा कुणाच्याही घरात सरळ शिरत नसत. उंबरा ओलांडला की थांबायचे, हातातला लांब सोटा वर करून छताला दोनदा ठोकायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग मागच्यांना सांगायचे, "पक्कं शे. या मझार." लग्नघर असो की वकिलाचं ऑफिस, यात बदल नाही. आत्याचं लग्न ठरवायला गेले तेव्हा व्याही बिचकून म्हणाले होते, "पाहुणे, घर विकत घ्यायला आले का?" आबा म्हणाले, "नही. पोर तुमले देवाले उनू. छप्पर ते देखनंच पडी."

आबा चांद्याकडच्या कोळसा खाणीत ड्रेसर होते. जमिनीखाली सुरुंग उडाला की छताचे दगड सैल होतात. धूर ओसरल्यावर ड्रेसर सगळ्यांच्या आधी आत जातो आणि लोखंडी सब्बल वर ठोकतो. खणखणीत वाजलं तर दगड पक्का. ढब्ब वाजलं तर पोकळ. तो पाडायचा आणि मगच टोळीला हाक मारायची. पाळी संपली की टोळी पुढे, आबा मागे, कुणी आत राहू नये म्हणून. ही सवय त्यांच्या अंगात मुरली होती. बाजारातून, लग्नातून, मोर्चातून, कुठूनही निघताना ते वळून विचारायचे, "मांगे कोन शे?" "बठ्ठा उनात," म्हणजे सगळे आले, असं कुणी म्हटल्याशिवाय ते पाऊल उचलत नसत.

नोकरी संपल्यावर ते पिंपळनेरजवळच्या आमच्या गावी परतले. घर होतं, पण ते बहुधा आजीसाठी होतं. आबा अंगणात जेवायचे, बाभळीला आरसा टांगून दाढी करायचे, बांधावर कडुनिंब लावायचे, दगड फोडून पाट वळवायचे. कोकणा आदिवासी मित्रांबरोबर डोंगरात गेले की टोपीत करवंदं घेऊन संध्याकाळी उतरायचे. झोपायची खाट बारा महिने बाहेर. एकदा मी विचारलं, "आबा, आत का नाही झोपत?" ते आकाशाकडे बोट करून म्हणाले, "हाई एकच छप्पर शे माय, जे ठोकीसन देखनं पडत नही."

माझे वडील शिक्षक आणि संघटनेचे कार्यकर्ते. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही. धुळ्यात देवपूरला आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. बाराखडी मी उरलेल्या पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवली. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर खाण कामगारांवर पत्रक लिहिणं मला माझं कर्तव्यच वाटलं. 'काळोखात गाडलेली आयुष्यं' असं त्याचं शीर्षक. सुट्टीत गावी जाऊन ते आबांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हाऊ कोन शे? भलता रडस."

"तुम्हीच, आबा."

"मी कधी रडनू?" ते हसले, मग खोकले. खोकला बराच वेळ चालला. "छातीमा कोयसा बसना, ते लिख. सायेबस्नी कायजी लिधी नही, ते बी लिख. पन मन्हा हात चांगला चाले, ते बी लिख ना."

माणसाची छाती कोळशाने भरायची आणि काम सरलं की त्याला विसरायचं, या रीतीवर माझा राग तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो मी लिहीत राहणार. पण त्या दिवसापासून माझ्या पत्रकांतून 'बिचारा' हा शब्द गेला.

आजी वारली, आबांचा दम वाढला, तेव्हा भाऊंनी त्यांना देवपूरच्या फ्लॅटमध्ये आणलं. आबांनी स्लॅब ठोकला, पास केला आणि विचारलं, "मन्ही खाट कोठे?" त्यांना गच्ची हवी होती.

भाऊ म्हणाले, "आबा, धूळ आहे, गारठा आहे. तुमची छाती ऐकणार नाही. आणि लोक म्हणतील, मास्तराने बाप गच्चीवर टाकला."

"लोकस्ले सांग, बापच ऐकत नही."

भाऊ हटले नाहीत. गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे, म्हणजे तळमजल्यावरच्या फर्निचरवाल्या शेखचाचांकडे. मी लगेच पत्रकाचा मसुदा करायला बसले, जिन्यात चिकटवायला. आबा म्हणाले, "कागद ऱ्हाऊ दे. मी बोलस." चाचांच्या घरात शिरताच त्यांनी आधी छत ठोकलं. चाचा धडपडत उठले.

"क्या हुआ, आबा?"

"काही नही. पक्कं शे. किल्ली दे."

"आणि वरून पडलात तर?"

"जनमभर जिमीनखाले ऱ्हायनू. आते थोडं वर ऱ्हाऊ दे."

चाचांनी किल्ली दिली, आणि वर कारखान्यातून एक हलकी खाटही पाठवली. उशी कठड्याकडे ठेवायची नाही एवढी अट घातली. भाऊ आठवडाभर फुगून होते. पण रोज सकाळी चहा घेऊन वर तेच जायचे.

पुढच्या हिवाळ्यात आबांची छाती भरली. दवाखान्यात नळ्या लागल्या. डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की इथे ठेवलं तर थोडे दिवस जास्त मिळतील, बरं होणं नाही. भाऊ म्हणाले, "इथेच ठेवू." आत आबा एकटक छताकडे बघत होते. मला कळलं. मी स्टुलावर चढले आणि त्यांच्या उशाशी टेकवलेल्या सोट्याने ठोकलं. शोभेचं खोटं छत ते; ढब्ब वाजलं. नर्स ओरडली. आबांनी मास्क बाजूला केला.

"पोकय शे. भाईर चाल."

ते माझ्याशी बोलत नव्हते. दारात आलेल्या भाऊंकडे बघत होते. भाऊंनी एकदा मान वर करून त्या छताकडे पाहिलं. मग स्वतः घरी नेण्याच्या कागदांवर सह्या करायला गेले.

चाकाच्या खुर्चीवरून दारापर्यंत आल्यावर आबांनी हात वर करून मला थांबवलं. "मांगे कोन शे?" भाऊ औषधांच्या काउंटरवर होते. ते येईपर्यंत आबांनी खुर्ची हलू दिली नाही.

गच्चीवर त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी भाऊ चहा घेऊन गेले आणि तसाच कप घेऊन खाली आले.

पांझरा नदीच्या काठी सगळं आटोपून लोक परतू लागले. भाऊ सर्वांच्या मागे चालत होते. स्मशानाच्या फाटकापाशी ते थांबले, वळले. घरीदारी, शाळेत, सभेत नेहमी पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस रिकाम्या वाटेकडे पाहत हळूच म्हणाला, "मांगे कोन शे?"

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. आम्ही थोडा वेळ वाट पाहिली. मग मी म्हटलं, "बठ्ठा उनात, भाऊ." तेव्हा कुठे त्यांनी पाऊल उचललं.