मुरबाडची लाईट
परवा ऐन कामात लाईट गेली आणि मला संघटनेची ती सभा आठवली. तेव्हा मी शहापुरात घरी बसून मुंबईच्या एका वकिलांचे कागद टाइप करून द्यायचे. सकाळभर लोडशेडिंग असायचं, कॉम्प्युटर बंद आणि वकिलांचे फोन चालू. घरून टायपिंग करणाऱ्यांची संघटना निघाली, तशी मी मोठ्या आशेनं सभासद झाले आणि सभेला कल्याणला गेले. हॉलमध्ये अत्तराचा आणि हारांचा वास कोंडला होता. एका पाहुण्याचा सत्कार संपला की दुसऱ्याचा सुरू. लाईटचं विचारायला मी हात वर केला, तर अध्यक्ष म्हणाले, "ताई, प्रश्न शेवटी." शेवटी आभार झाले आणि जेवायची रांग लागली. ताट हातात धरून मी चिडून पुटपुटले, "सकाळी लाईट नाय, मग काम करायचं कधी?" पुढची बाई वळली. तीही हेच काम करायची, मुरबाडला. "आमच्याकडं सकाळी असते, आमची दुपारची जाते," ती म्हणाली. "तुमी कागद एसटीनं पाठवा, मी फ्लॉपी करून देते. माझं दुपारचं तुमी करा." पुढे कित्येक वर्षं आमचे कागद आणि फ्लॉप्या ओळखीच्या कंडक्टरांच्या हाती ये-जा करत राहिल्या. अध्यक्षांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण त्यांनी मला त्या दिवशी बोलू दिलं असतं, तर त्यांनी लाईटसाठी एक समिती नेमली असती, आणि मी समाधानानं, गप्प बसून जेवले असते.