पदकांचा भागाकार

बडोद्यात नुकतंच केबल आलं होतं, ऑलिंपिक चालू होतं आणि बाजारखात्यातल्या त्या कारकुनाकडे जायची मला धास्ती वाटायची. खंडेराव मार्केटात एक गाळा रिकामा होता. अर्ज दोन: एक माझा, दुसरा आधीच दोन गाळे असलेल्या एका शेठचा. शिफारस या कारकुनाने करायची होती. मी इतकी वर्षं बाहेर उन्हात हातगाडीवर भाजी विकत आलो होतो.

हा मात्र वर्तमानपत्रातला पदकांचा तक्ता पसरून बडीशेप चघळत बसायचा. सोन्याला तीन गुण, रुप्याला दोन, आणि लगेच खोडायचा. "दोनच का? बरोबर नथी ने?" मग लोकसंख्येने भागायचा. एका पदकावर एखादं चिमुकलं बेट पहिलं आलं की स्वतःवरच चिडायचा. "हाही अन्यायच ने?"

लबाड माणसाशी मला भाव करता येतो. हा प्रामाणिक होता, म्हणून माझी झोप उडाली होती.

एकदा मी भडकलोच. "साहेब, त्या शेठचा धंदा मोठा, पण त्याच्या डोक्यावर छप्पर आहे! धंद्याला गाळ्यांनी भागा की!"

त्याचे डोळे चमकले. शेठचा धंदा त्याने दोनाने भागला आणि माझ्या अर्जाकडे वळला.

"तुमचे गाळे किती?"

"एकही नाही! तेच तर सांगतोय!"

तो खरोखर हळहळला. पेनाला टोपण लावत म्हणाला, "शून्याने भागता येत नाही हो, भाऊ."