हळदीतला गोलकीपर

आमच्या तळवलीची पोरं आधी कबड्डी खेळायची. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कंपन्यांत कामाला लागली आणि तिथल्या केरळच्या कामगारांकडून फुटबॉल शिकून आली. मग गावाचा क्लब निघाला. माझा धाकटा मुलगा त्या क्लबचा गोलकीपर होता. हात लांब आणि पळायचा कंटाळा, म्हणून त्याला तिथं उभा केला होता.

नव्वद सालानंतरची गोष्ट. क्लब लीगच्या खालच्या गटातून वरच्या गटात गेला, तेव्हा गावात बेंजो वाजला. पण वर चढणं वेगळं आणि वर टिकणं वेगळं. वरच्या गटात जे शेवटचे दोन येतात, त्यांना पुन्हा खाली पाठवतात. आमची पोरं हरत हरत शेवटच्या सामन्याला आली. त्यात बरोबरी झाली तरी वर राहणार होती, हरली तर खाली जाणार होती. सामना जुईनगरच्या मैदानावर होता. तिथं कुणाची तरी सभा ठरली आणि सामना पुढच्या रविवारी ढकलला. त्याच रविवारी माझ्या धाकट्याची हळद होती.

आमच्या लोकांत हळद लग्नापेक्षा मोठी. आधी नवऱ्याला लागते, उरलेली उष्टी हळद नवरीच्या घरी जाते, मग तिला लावतात. तिकडं सगळं घर वाट बघत बसलेलं असतं. त्यामुळे सकाळची हळद संध्याकाळवर नेता येत नाही. आणि एकदा हळद लागली की नवऱ्याने वेस ओलांडायची नाही, हातातली लिंबू टोचलेली सुरी खाली ठेवायची नाही. का, तर बाधा होते. कसली बाधा, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी क्लबचा कप्तान दारात येऊन उभा राहिला. आमच्याच आळीतला पोर.

"काकी, उद्या दुपारी त्याला तेवढा सोडा."

मी काही बोलायच्या आत माझी मोठी जाऊ बोलली. घरात तिचा शब्द चालायचा. "याड लागलं का रे तुला? हलद लागलेला नवरा मैदानात लोलायला नेतंस? दुसरा गोली नाय तुमच्याकडं?"

"हाय ना. बॉल आला का डोले मिटतो."

"मग त्याला सांग, डोले उघडे ठेव."

कप्तान तोंड पाडून गेला. जाऊ तांदूळ पाखडायला बसली आणि जवळ बसलेल्या बायकांना म्हणाली, "हरले तं हरले. नेमकं नवरीच्या हलदीच्या दिवशीच पडायचं असंल तं पोरीचा पायगुनच तसा, आपन काय करनार?"

बायकांनी माना हलवल्या. मी मात्र तिथंच ठरवलं.

मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात भरतीनं खाडीचा बांध फुटला होता. खारं पाणी शेतात शिरलं. बांध कधीचा डागडुजीला आला होता, पण माणसांनी तो माझ्या पायांवर ढकलला. सासू मरेपर्यंत, कुठलंही भांडण निघालं की पहिला तो बांध निघायचा. ज्या पोरीनं अजून आमचा उंबरा पाहिला नव्हता, तिच्यासाठी आता फुटबॉलचा बांध तयार होत होता. धाकटा घरी बसला आणि क्लब खाली गेला, की गावातली सगळी तरणी पोरं म्हणणार, हिच्या हळदीपायी आपण पडलो. हे मी होऊ देणार नव्हते.

"तो जाईल," मी म्हणाले.

जावेच्या हातातलं सूप थांबलं. "आनि वेस?"

"मी पाठवतंय. काय व्हायचं ते माझ्या माथी."

"आनि सुरी? सुरी घेऊन खेलनार?"

"सुरी मी धरीन. मी पन जातंय."

"असं कुटं चालतं गो?"

"उद्या चालेल."

माझ्या नवऱ्याला मी रात्री सांगितलं. ते म्हणाले, तुला पटतंय ना, मग मला कशाला विचारतेस. तेही बरोबरच होतं.

सकाळी हळद लागली, उष्टी हळद नवरीकडं गेली. दुपारी धाकट्याने पिवळ्या अंगावर जर्सी चढवली आणि आम्ही पोरांच्या टेम्पोतून जुईनगरला गेलो. मी ड्रायव्हरशेजारी बसले, मांडीवर सुरी. मी त्याआधी एकही सामना पाहिला नव्हता. गोलच्या मागं जाऊन उभी राहिले, कारण सुरी नवऱ्यापासून लांब नको.

समोरचा क्लब कॉलनीतला होता. त्यांची पोरं सुरू झाली.

"ए, गोलीला बघ! कावीळ झालीय काय रे?"

"हात लावून बघ," माझा म्हणाला. "तुझं पन जमेल यंदा."

त्यांचीच पोरं हसली. मग पंच माझ्याकडं आला. "मावशी, सुरी घेऊन इथं उभं राहता येणार नाही."

"मी कुनाला मारायला नाय आले. नवऱ्याची सुरी हाय ती."

"तरी थोड्या मागं व्हा."

मी थोडी मागं झाले.

खेळ मला कळला तो असा की, बाकीचे पळतात आणि एकटा गोली उभ्या उभ्या सगळ्यांचं पाप झेलतो. माझ्या पोरानं बरंच झेललं. दोनदा तर असा आडवा उडाला की चुन्याची रेघ पिवळी झाली. शेवट जवळ आला तरी कुणाचाच गोल नव्हता. कप्तान ओरडत होता, "धरून राहा रे, वाचलो!" तेवढ्यात त्यांनी कोपऱ्यातून बॉल उचलला. आमच्याच एकाच्या खांद्याला लागून तो वळला आणि आत गेला. माझा दुसऱ्या बाजूला झेपावला होता. थोड्या वेळानं शिट्टी वाजली. क्लब खाली गेला.

परत टेम्पोत बसलो. एकाचं रडणं ऐकू येत होतं. मी म्हणाले, "रडायचं तं घरी रडा. आज माज्या दारात नाचायचं हाय."

मांडवात आम्ही शिरायच्या आधीच बातमी पोचली होती. बायकांची कुजबुज चालू होती. मी धाकट्याच्या हातात सुरी दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "पोरं हरली. वेस ओलांडली ती माज्या पोरानं, पाठवला मी. काय बोलायचं ते आता माज्या तोंडावर बोला. नवरी तिच्या बापाच्या घरी बसलीय, तिचं नाव काढायचं नाय."

जाऊ म्हणाली, "मंग तुजीच चूक."

"माजीच. जेवायला वाढा."

गावाने वर्षभर मला बोलून घेतलं. मासळी घ्यायला गेले तरी विकणारी म्हणायची, आली बघा क्लब बुडवणारी. मी म्हणायचे, हो, बोंबील कसे दिलेस? सुनेला मात्र कुणी एक शब्द बोललं नाही, कारण दोष द्यायला माणूस आधीच ठरला होता.

पुढच्या वर्षी पोरं खालच्या गटातून पहिली आली आणि पुन्हा वर गेली. जाऊ पेढे घेऊन आली. सुनेच्या हातात पहिला पेढा ठेवून म्हणाली, "सुनेचा पायगुन लागला गो!"

सून लाजली. तिला ते फार गोड लागलं होतं.

मी म्हणाले, "पाय पोरांचे लागले. हिचे नाय."

"अगो, चांगलंच बोलतंय ना मी?"

"आज चांगलं बोलशील. उद्या परत खाली गेले, तं कुनाचे पाय?"

जाऊ पेढ्यांचा डबा ठेवून निघून गेली. सून माझ्यावर रुसली. दोन दिवस विचारल्याशिवाय बोलत नव्हती. मी तिची समजूत घालत बसले नाही.