गिऱ्हाईक म्हणून एक संध्याकाळ

माझ्या मोठ्या नणंदेने सव्वीस वर्षं एका बारची भट्टी, म्हणजे मागचं स्वयंपाकघर, सांभाळली, पण बारच्या टेबलाशी त्या एकदाही बसल्या नव्हत्या. पांढरकवड्याजवळ, हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर त्यांचा बार होता. पुढे हॉल, मध्ये काउंटर, मागे स्वयंपाकघर. हॉलमध्ये त्या जात ते फक्त सकाळी, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असताना, फरशी नीट पुसली की नाही ते पाहायला. ट्रकवाले यायला लागले की मधलं दार लोटून घ्यायचं आणि चखणा, भजी, मटण खिडकीतून पुढे सरकवायचं.

गेल्या वर्षी नंदोयांच्या, म्हणजे ताईंच्या नवऱ्याच्या, गुडघ्यांनी संप केला. बार दुसऱ्याला चालवायला दिला आणि ताई यवतमाळला आमच्याकडे चार दिवस राहायला आल्या. तिसऱ्या दिवशी भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "मले एक डाव बारात बसाचं हाय वं. गिऱ्हाईक म्हणून. पुढच्या टेबलावर."

"पिणार आहात का?" मी विचारलं. यादी करायची तर आधी गरज कळायला हवी.

"ते तिथं गेल्यावर पाहू. बसू तं दे आधी."

माझे मालक, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, पेपरामागून बोलले, "सव्वीस वर्सं बारातच तं होती तू."

"भट्टीत होती. देवळाच्या मांगं घर असलं म्हणून दर्शन होत नाही, बाबू."

"साठीत आली नं तू."

"म्हणूनच घाई हाय."

पेपर पुन्हा वर गेला. मी मात्र त्याच दुपारी वही काढली.

आमच्या गावात हे जमणार नव्हतं. इथे बाईमाणसाने बारमध्ये जायचं तर फॅमिली रूममध्ये जायचं. हॉलच्या बाजूने जिना, वर प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला पडदा. वेटर खाकरून आत येतो. जेवण तेच, भाव थोडा जास्त, आणि दिसतो फक्त पडदा. आम्हीसुद्धा लग्नाच्या वाढदिवसाला तिथेच जातो. नागपूरचा विचार केला, पण तिथल्या निम्म्या बारवाल्यांची नंदोयांशी ओळख. मग समुद्र ठरला. ताईंनी समुद्र पाहिला नव्हता. मी शाळेच्या ऑफिसात आहे, दिवाळीची सुट्टी होती, आणि नागपूरहून गोव्याचं विमान लवकर काढलं तर एसी रेल्वेच्या जवळपास पडत होतं. हॉटेलात दोनच रात्री मिळत होत्या. त्यातली एक पोहोचण्यात जाणार. म्हणजे ताईंच्या वाट्याला एकच संध्याकाळ होती आणि ती चुकवून चालणार नव्हतं.

पणजीतले आणि मिरामारच्या बाजूचे अकरा बार आणि बीच क्लब मी वहीत उतरवले. रकाने आखले. आत शिरण्याचे पैसे घेतात का. हॅपी अवर किती ते किती. दोन माणसांना टेबल देतात की चौघांखाली बोलतच नाहीत. आवाज किती. हॉटेलपासून चालत किती मिनिटं. हा शेवटचा रकाना मी सगळ्यात मोठा ठेवला, कारण तिकडे टॅक्सीच स्वस्त बिअरची सगळी बचत खाऊन टाकते. लांबचे चार क्लब तिथेच गळाले. फोटोत झोपाळे, दिवे आणि पांढरे पडदे फार छान दिसत होते. त्याचे पैसे आपण भरायचे असतात एवढं मला कळतं.

ताईंनी स्वतःचे तीन रकाने सांगितले. "बाथरूम पाहून येता येते का पुस. पेग आपल्यापुढं मोजते का, का आतून भरून आणते, ते पुस. अन् लोकायनं टाकलेल्या फोटोत गिल्लास पाहाचे. गिल्लासावर बोटं दिसली का त्या बारात मालक बसत नाही समजाचं."

"तुमच्या बारमध्ये पेग समोर मोजायचे?"

"पहिला मोजत," असं म्हणून त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

मी चार दिवस फोन केले. माझ्या हिंदीत, स्पष्ट. आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न विचारला, "फॅमिली सेक्शन है क्या?" हा प्रश्न मी ठरवून विचारला असंही म्हणता येणार नाही. आमच्याकडे तो आपोआपच तोंडात येतो, डॉक्टरला "रिकाम्या पोटी का जेवून?" विचारावं तसा. बहुतेक ठिकाणचे लोक गोंधळले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, फॅमिलीज तो सब जगह बैठते हैं." मी तिच्यापुढे फुली मारली. दुसरा म्हणाला, "हमारे यहाँ सब बाहर रेत पर ही बैठते हैं." त्यालाही फुली. एकच जण उत्साहाने म्हणाला, हो, आमच्याकडे वेगळं फॅमिली सेक्शन आहे, एसी आहे, तुम्हाला काही त्रास होणार नाही. हॅपी अवर सात वाजेपर्यंत, शिरण्याचे पैसे नाहीत, हॉटेलपासून बारा मिनिटं. सगळे रकाने भरले. मी त्याच दिवशी आगाऊ रक्कम पाठवली आणि त्याच्या नावाभोवती लाल शाईने गोल केला.

गोव्यातल्या त्या एकुलत्या संध्याकाळी आम्ही दोघी पाच वाजता हॉटेलातून निघालो. सूर्य सहाच्या सुमाराला बुडणार होता, तेही मी लिहून ठेवलं होतं. ताईंनी मुलीच्या लग्नातली जांभळी इरकल नेसली होती आणि पायात नवे, मागे पट्टा असलेले सँडल. रस्त्यावर उजव्या हाताला पाणी दिसायला लागलं तशा त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "चाल, टेबलावर बसून पाहू. उभं राहून कायले पाहाचं?"

क्लबच्या दारात एका तरुण मॅनेजराने वहीत नाव तपासलं. "फॅमिली सेक्शन? या मॅडम." पुढची मोकळी जागा, वेताच्या खुर्च्या, त्यांच्यापलीकडे वाळू आणि समुद्र, हे सगळं ओलांडून तो आम्हाला डाव्या हाताच्या बोळातून आत घेऊन गेला. तिथे एक बंद हॉल होता. टीव्हीवर कार्टून चालू होतं. एका टेबलावर चार वर्षांच्या मुलाचा वाढदिवस होता. एसी मात्र खरंच चांगला होता. खिडकी होती, तिच्यातून पार्किंग दिसत होतं. आमचं टेबल कोपऱ्यात होतं आणि त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी उघडणारं दार, ज्यातून वेटर ट्रे घेऊन आत-बाहेर करत होते.

ताई बसल्या. पर्स मांडीवर ठेवली. दार उघडलं की आतून फोडणीचा वास आणि भांड्यांचा आवाज येत होता.

"मले इथूनबी भट्टीच दिसून राह्यली," त्या हळूच म्हणाल्या. मग लगेच, माझा चेहरा पाहून, "राहू दे. थंड हाय. बसू इथंच."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हजार-बाराशे किलोमीटर लांब येऊन यवतमाळची फॅमिली रूम शोधून काढली होती. पडदा नव्हता एवढंच.

मी उठले. मॅनेजर दाराशीच होता. मी त्याला सांगितलं की आम्हाला बाहेर, पुढच्या रांगेत टेबल हवं.

"मॅडम, बाहेर पिणारा ग्रुप असतो. आपण दोघी लेडीज, आत कम्फर्टेबल राहाल. फोनवर आपणच म्हणाला होतात."

"मी म्हणाले होते. आता बदल सांगते आहे."

"पुढे सगळं बुक आहे."

"तीन टेबलं रिकामी आहेत. मी येताना मोजली."

"ते लोक येतील."

"आगाऊ दिलेले पैसे?"

"ते बिलात वळते होतील. परत नाही मिळत."

घड्याळात पाच पस्तीस झाले होते. मी एरवी असे पैसे सोडत नाही. शाळेच्या कामात एकेक पावती मी तीनदा मागते आणि लोक मला पाहून रस्ता बदलतात. पण इथे वाद घालून जिंकायला वीस मिनिटं लागली असती. तेवढ्यात सूर्यच गेला असता. "राहू द्या मग," मी म्हणाले आणि आत जाऊन ताईंची पर्स उचलली.

"काय झालं वं?"

"उठा ताई. दुसरीकडे जायचं."

"पैसे?"

"गेले."

"तुह्या हातून?" त्या खरोखरच घाबरल्या. "तब्येत बरी हाय नं तुही?"

रस्त्यावर आल्यावर मी वही उघडली. फुल्या मारलेल्यांतला चौथा नंबर सहा मिनिटांवर होता. त्याच्यापुढे मी लिहिलं होतं, सगळे बाहेर वाळूत बसतात, म्हणून नको. आम्ही जवळजवळ धावतच गेलो. ताईंनी सँडल हातात घेतले, कारण पट्टा चावत होता.

तिथला माणूस पन्नाशीचा होता, टी-शर्टवर टॉवेल टाकलेला. पुढच्या रांगेत एक टेबल रिकामं होतं. तो म्हणाला, "पुढे चार जणांचं टेबल असतं, बाई. दोघांना मागे देतो."

"चौघींचं खाऊ आम्ही," मी म्हणाले.

त्याने आमच्याकडे, मग ताईंच्या हातातल्या सँडलकडे पाहिलं आणि खुर्ची मागे ओढली.

ताई बसल्या ते थेट समुद्राकडे तोंड करून. पाय वाळूत, पदर खांद्यावरून नीट घेतलेला. आजूबाजूला सहा-सात टेबलं होती. एक जोडपं, चार मुलं, एक म्हातारे गृहस्थ एकटेच. कुणी वळून पाहिलं नाही. मी मेन्यूतल्या किमती मनात जुळवायला लागले तर ताईंनी तो माझ्या हातून काढून घेतला आणि आधी मागचं पान पाहिलं, मग पुढचं.

त्यांनी बिअर मागवली. बाटली आली तेव्हा तिला हाताची मागची बाजू लावून पाहिली. "थंडी बरोबर हाय." ग्लास उजेडाकडे धरला, मान हलवली. मग एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला.

"कडू हाय," त्या म्हणाल्या. "अन् ह्याच्यापायी लोकं घरदार सोडून बसत होते?"

"नको असेल तर सरबत मागवू."

"काहून? मागोलं तं पिईन."

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा मसाला पापड आला. ताईंनी तुकडा मोडायला घेतला. तो मोडलाच नाही, वाकला. मी लगेच हात वर केला. ताईंनी माझा हात खाली घेतला. मला वाटलं, राहू दे म्हणतील. त्यांच्या बारमध्ये प्लेट परत आली की काउंटरवरून नंदोयी भट्टीतल्या ताईंना काय बोलायचे ते मी एकदा त्यांच्याकडे राहिले असताना ऐकलं होतं. त्या काही क्षण प्लेटकडे पाहत राहिल्या. मग सरळ बसल्या आणि त्यांनी स्वतः हाक मारली, "ओ दादा."

तो टॉवेलवाला आला.

"हा पापड सादळला हाय. दुसरा आना, तळून लगेच. अन् आत जो तळून राह्यला त्याले बोलू नका. वाऱ्यानं होते हे."

"आणतो मावशी," तो म्हणाला आणि प्लेट घेऊन गेला.

ताई पुन्हा समुद्राकडे वळल्या. पाण्यावरचा लाल पट्टा बारीक होत होता. त्यांनी आणखी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, ग्लास खाली ठेवला, परत उचलला. चार मुलांच्या टेबलावर कुणीतरी हसलं. दिवे लागले. नवा पापड आला तेव्हा अंधारायला लागलं होतं. त्यांनी तो मोडला, आवाज झाला, एक तुकडा मला दिला.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या, आणि मग वेटरच्या पाठीकडे पाहत, "पण पंधरा मिन्टं लावले एका पापडाले. माह्या इथून गिऱ्हाईक उठून गेलं असतं."