भांडखोर मिस्त्री

सडक अर्जुनीच्या सुशिलाबाईंची राइस मिल सव्वीस वर्षं केवळराम मिस्त्रीच्या हातावर चालली. यंदा दिवाळीच्या तोंडावर त्याच्या डोळ्यांनी दगा दिला आणि तो लेकाकडे रायपूरला गेला. धानाचा हंगाम दारात आणि मिलला मिस्त्री नाही!

सुनेने, नूतनने, मोबाइलवरून जाहिरात फिरवली. सहा जण आले. कोणाकडे आयटीआयचा कागद, कोणाकडे पाहुण्याची चिठ्ठी. बाईंनी कागद नूतनकडे सरकवले आणि एकेकाला सरळ मिलमध्ये नेलं. तिथे धानाचं एक पोतं उघडून ठेवलेलं होतं.

"हे भरडून दाखव," एवढंच त्या म्हणायच्या.

धान मुद्दाम ओलसर ठेवलंय, हे फक्त नूतनला ठाऊक होतं.

पाच जणांनी धडाधड बटण दाबलं. अख्खा तांदूळ कमी, तुकड्यांची कनकीच जास्त पडली. एकाने मशीनला नावं ठेवली, दुसऱ्याने केवळरामला.

सहावा देवरीकडचा उमेंद्र. त्याने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातला दाणा काढून दाताखाली धरला आणि हात झटकले.

"मी नाही चालवत, बाई."

"काऊन?"

"धान ओला हाय. दोन दिस ऊन दाखवा, मंग बलवा मले."

बाईंना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण चेहरा त्यांनी कोराच ठेवला. उमेंद्र गेल्यावर त्यांनी त्याच्या जुन्या मालकाला फोन लावला.

"आदमी काम का है, बाई," तो म्हणाला, "पर झगडालू बहुत. सीजन में तीन बार मेरी मिल बंद कर दी. बोला, माल गीला है!"

बाई इतक्या हसल्या की फोन हातातून सुटता सुटता राहिला.

"आई, भांडखोर माणूस कायले ठेवता?" नूतनने विचारलं.

"मालकाशी भांडते एवढ्यावरून मानूस नाही कळत, पोरी. हाताखालच्या लोकायशी कसा राह्यते, ते पाहू."

दुसऱ्या दिवशी त्या बसने देवरीला गेल्या. उमेंद्रच्या जुन्या मिलमध्ये धान पाखडणाऱ्या जमुनाबाईला शोधून तिच्या ओट्यावर बसल्या. जमुनाबाईने चहा ठेवला आणि उमेंद्रचं नाव ऐकताच तिचा चेहरा खुलला.

"आमच्यावर कधी आवाज नाही चढवला त्यानं. मशीनचा पट्टा फिरून राहिला असला तं कोणाले जवळ फिरकू देत नव्हता. तो गेला तं आमाले करमत नाही."

बाईंनी तिथूनच उमेंद्रला फोन केला, "सोमवारी ये."

सोमवारी तो आला आणि पहिल्याच तासात भांडला. पट्ट्याला जाळी नाही, म्हणून मिल सुरूच करेना. बाहेर ट्रॅक्टर खोळंबलेले. बाई तणतणत आल्या.

"मिलची मालक कोण हाय रे? तू का मी?"

"तुमीच. पण बायाइचे पदर या पट्ट्याजवळून जातेत. पहिले जाळी, मंग मिल."

बाईंनी वळून पट्ट्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, त्यांच्याही नाही. त्यांनी नूतनला वेल्डरकडे पिटाळलं आणि खोळंबलेल्या शेतकऱ्यांसाठी स्वतः पोह्यांची कढई चढवली.

दुपारी जाळी बसली. मिल सुरू झाली आणि पहिला तांदूळ घसरत खाली आला. अखंड, लांबसडक, पांढराशुभ्र. बाईंनी ओंजळ भरून घेतली. पोती उचलणाऱ्या माणसांपासून पाखडणाऱ्या बायांपर्यंत साऱ्यांना त्या ती ओंजळ दाखवत फिरल्या, नवं लुगडं दाखवावं तशी. उमेंद्र मात्र मान खाली घालून मशीनला तेल देत होता. तो गालात हसतोय, हे नूतनला तेवढं दिसलं.