झाडाचा जामीन

आमच्या घरात खंडेनवमीला कुऱ्हाडीची पूजा व्हायची आणि दसरा उलटला की तीच कुऱ्हाड आंब्याच्या खोडात बसायची. शिराळ्याच्या बाजूला आमचा माळ आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फौजेतून सुट्टीवर आल्यावर एकेक करत तिथं केशरची चाळीस कलमं लावली. ज्या झाडाला त्या वर्षी आंबा धरला नसेल त्याच्यासमोर ते उभे राहायचे आणि ओरडायचे, "खाऊन खाऊन माजलंस! तोडू का आता?" मग घाव. साल उडायची, आतलं ओलं पांढरं लाकूड दिसायचं. तिसऱ्या-चौथ्या घावाला आईनं पुढं व्हायचं, झाडाला पाठ लावून उभं राहायचं आणि म्हणायचं, "आवं, थांबा. म्होरल्या वर्षी धरंल त्ये." आबा विचारायचे, "जामीन कोन?" आई म्हणायची, "मी हाय." तेव्हा कुठं कुऱ्हाड खाली यायची.

झाडाला असा दम द्यायची रीत काही आमच्याच घरची नव्हती. पण बाकीचे लोक कुऱ्हाड नुसती टेकवायचे, नाहीतर उलट्या बाजूनं दोन ठोके मारून हसत घरी जायचे. आबांना नुसता दम देणं जमत नसे. हात उचलला की तो कुठंतरी बसलाच पाहिजे.

तो आमच्यावरही बसायचा. आम्ही दोघं, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी मोठा दादा. गणित चुकलं, बैल सुटला, उलट उत्तर दिलं की आबांच्या कमरेचा पट्टा निघायचा, पितळी बकलाचा. बक्कल लागतं तेव्हा आधी काहीच वाटत नाही, मग तेवढीच जागा पेटते. तिथंही शेवट तोच असायचा. आई मधे पडायची. "आवं, म्होरल्या परीक्षेला पास हुईल." "जामीन कोन?" "मी हाय." आणि आम्ही सुटायचो. सगळ्यांच्याच घरी असं विचारत असतील अशी माझी समजूत होती.

दादा बारावीला नापास झाला त्या दिवशी आई तासगावला मामाकडं गेली होती. आबांनी त्याला भर दुपारी ओसरीवर घेतलं. पट्टा तुटला तेव्हा त्यांनी ठिबकच्या पाईपचा तुकडा उचलला. दादाच्या कानातून रक्त येऊन पायरीवर पडत होतं आणि तो एकदाही ओरडला नाही, त्यामुळं आबा जास्तच चवताळले. मग एकदम थांबले. धापा टाकत त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात मी उभी होते. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "जामीन कोन?"

मी चौदा वर्षांची होते. उत्तर मला पाठ होतं, दोनच शब्दांचं. पण माझी दातखीळ बसली. बोलले तर पाईप माझ्याकडं वळेल, एवढंच डोक्यात होतं. आबांनी वाट पाहिली आणि परत सुरुवात केली. त्या दुसऱ्या खेपेला दादाचा डावा हात मोडला. पहाटे तो हात गळ्यात बांधून शिराळ्याच्या स्टँडवर गेला आणि पहिल्या एसटीत बसून निघून गेला. त्या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली.

आई त्यानंतर एकाही झाडाला जामीन राहिली नाही. आबा एकटेच ओरडत, एकटेच घाव घालत. भिंतीवरचा दादाचा फोटो त्यांनी उतरवला आणि घरात त्याचं नाव निघेनासं झालं. मी मात्र भीतीनं का होईना, शिकत गेले, पहिली येत गेले. सांगलीला एका फळसंशोधन केंद्रात नोकरीला लागले तेव्हा आबा पारावर बसून सांगायचे, "बडवली म्हनून शिकली. मऊ हातानं काय धरतंय व्हय?" आई वारायच्या आधी तिनं एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून माझ्या मुठीत कोंबला. "त्येचा हाय. तू तरी कर." सहा वर्षं तो नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. मी कधी लावला नव्हता. लावून सांगणार काय होते?

आमच्या केंद्रात काम चाललं होतं ते आंब्याच्या अंदाजाचं. खंडाळ्यापासून शिराळ्यापर्यंतच्या बागा हिंडायच्या, झाडांना नंबर द्यायचे, खोडाचा घेर, फांद्या, पालवी, पाणी, पाऊस सगळं नोंदवायचं. ते कॉम्प्युटरला द्यायचं आणि त्यानं सांगायचं, येत्या हंगामात कुठल्या झाडाला किती आंबा येईल. पाच वर्षं मी हेच केलं. नोंदीत 'खोडावरच्या जखमा' असा एक रकाना होता. तो मी घातला होता. का घातला हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

एका दुपारी मॉडेल, म्हणजे अंदाजाचं ते गणित, चालवलं आणि स्क्रीनवर जे आलं ते मी दोनदा वाचलं. जखमी झाडांना जास्त आंबा येत होता. थोडाथोडका नाही, ठळक दिसेल इतका. कारणही शास्त्राला धरून होतं. पानांनी केलेलं अन्न सालीतून मुळांकडं उतरतं. साल तोडली की ते वरच अडकतं आणि मोहोर वाढतो. आबा म्हणायचे ते खरं होतं तर!

मला आनंद झाला. लाज वाटते लिहिताना, पण झाला. मारण्यानंच धरत असेल तर ओसरीवरचं ते सगळं आमच्या भल्यासाठीच होतं, आणि मी दारात गप्प उभी राहिले त्यानं काही बिघडलं नव्हतं. इतकी वर्षं मला नेमकं हेच कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि आता कॉम्प्युटर सांगत होता. कुणाला दाखवायच्याही आधी मी आबांना फोन केला. "आबा, तुमचं खरं निघालं."

"मग? मी काय येडा हाय का?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खूश मी कधी ऐकला नव्हता.

त्या दसऱ्यानंतर त्यांनी बागेतलं एकही झाड सोडलं नाही. धरणारं, न धरणारं, सगळी चाळीस. खोडाची साल कमरेइतक्या उंचीवर निम्म्याहून जास्त गोलाईत तोडून काढली. मी गेले तेव्हा रांगेनं खोडांतून डिंक गळत होता आणि मातीत सालीचे तुकडे पडले होते. मी टॅब काढून जखमा मोजल्या. उन्हाळ्यात झाडं अशी लगडली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. आबांनी तालुकाभर आंबे वाटले. "माज्या पोरीनं शोध लावलाय," म्हणायचे.

पुढच्या आषाढात पानं करपायला लागली. खोडातून भुसा पडत होता. जखमेतून भिरूड आत शिरला होता, म्हणजे खोड पोखरणारी अळी, आणि खाली मुळं उपाशी होती. पोळ्याला बारा झाडं वाळली, दसऱ्यापर्यंत सदतीस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॉडेलला हे आधी का दिसलं नाही? सांगलीला येऊन मी जुन्या नोंदी उघडल्या, अगदी पहिल्या वर्षापासूनच्या, आणि चूक सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ज्या झाडांच्या आंब्याचा रकाना रिकामा होता त्यांच्या ओळी मी सुरुवातीलाच काढून टाकल्या होत्या. रिकामा रकाना असला की मॉडेल अडतं, म्हणून. रकाना रिकामा का होता, तर झाड मेलं होतं म्हणून. घाव सोसून जी जगली तेवढीच माझ्यापुढं उभी होती, आणि त्यांनाच मी विचारत होते, मारलेलं मानवतं का? मी टेबलावरचा घेर मोजायचा लोखंडी कंपास उचलून भिंतीवर फेकला. गिलावा उडाला. शेजारचे लोक धावत आले. हात उचलला की तो कुठंतरी बसलाच पाहिजे, ही खोड माझ्यातही आहे.

त्याच दिवशी मी माळावर गेले. सदतीस झाडं काळी पडून उभी होती. तीन जगली होती आणि त्यातल्या एकासमोर आबा कुऱ्हाड घेऊन उभे होते. "आता तूबी मरतंस का?" म्हणून घाव घातला. मी पळत जाऊन दांडा धरला. त्यांनी हिसडा दिला, मी सोडला नाही. वय झालंय त्यांचं, पण मनगट अजून तसंच आहे. आम्ही दोघं त्या दांड्याला धरून भांडणाऱ्या कुत्र्यांसारखे गोल फिरलो. त्यांनी मला कोपरानं तोंडावर मारलं. ओठ फुटला. मी त्यांना छातीत ढकललं, माझ्या बापाला, आणि ते झाडावर आदळले.

"मारल्यानं धरत न्हाई, आबा!" मी ओरडले. "मरतंय. मेलेली झाडं मी मोजलीच नव्हती. रिकामी होती म्हणून काढून टाकली. तुमीबी तेच केलंय. मला मोजताय, पारावर बसून सांगताय, बडवली म्हणून शिकली. आणि दादा? त्याची ओळ कुणी काढली?"

अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या माळावर कुणी दादा म्हटलं होतं. आबा खोडाला पाठ लावून तसेच उभे राहिले, आई राहायची तसे. कुऱ्हाड अजून हातात होती. मला वाटलं, आता घालतात.

"तुला इचारलं व्हतं मी," ते म्हणाले.

"काय?"

"जामीन कोन म्हनून. दारात हुबी व्हतीस तू. लय वेळ थांबलो व्हतो मी." त्यांनी हातातल्या कुऱ्हाडीकडं पाहिलं. "माजा हात मला थांबवता येत न्हाई गं. तुजी आय थांबवायची. कुनीतरी नुसतं हाय म्हनायला पायजे व्हतं."

मला त्यांचा इतका राग आला की क्षणभर ती कुऱ्हाड माझ्या हातात हवी होती. चौदा वर्षांच्या पोरीवर टाकत होते हे, स्वतःच्या हाताचं ओझं! आणि तरी त्यांनी वाट पाहिली होती हे मलाही माहीत होतं. मी त्यांना ती वाट पाहताना बघितलं होतं.

मी ओठाचं रक्त पुसलं आणि मोबाइल काढला. आईनं दिलेला दादाचा नंबर लावला. चार वेळा वाजल्यावर फोन उचलला गेला. मी माझं नाव सांगितलं. पलीकडं कसल्यातरी मशीनचा आवाज येत होता, तो त्यानं बंद केला. दादानं एकच विचारलं, "आबा गेलं का?"

"न्हाई," मी म्हटलं. "हितंच हायत."

त्यानं फोन ठेवला नाही. मी स्पीकर लावला नव्हता, पण आबांना कळलं होतं. त्यांनी कुऱ्हाड सोडली नाही, पण फोनसाठी दुसरा हात पुढं केला.